माती तपासून घेताना काय मिळते आणि काय मिळत नाही

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित पाच एकर काळ्या जमिनीपैकी अडीच एकर माझ्या वाट्याला आणि अडीच एकर चुलत भावाच्या, म्हणजे दादाच्या, वाट्याला आली आहे. मध्ये एक बांध आहे, दोन्ही बाजूंची माती एकच आहे आणि पीकही बहुतेक वर्षी एकच असते, खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा. २०१८ च्या उन्हाळ्यात मी माझ्या बाजूची खोल नांगरट आणि रोटाव्हेटर बंद केला, मळणीनंतरची गुळी, म्हणजे भुसकट, पेटवून न देता किंवा न विकता शेतातच पसरू लागलो, आणि दरवर्षी नांगराने कोरला जाणारा बांध गवतासाठी मोकळा सोडला. दादाने त्याच्या बाजूला नेहमीचीच मशागत चालू ठेवली. या बदलाने जमिनीचे खरोखर काही भले होते का, हे मला केवळ समाधानापुरते नव्हे तर आकड्यांत पाहायचे होते, म्हणून मी २०१८, २०२१ आणि २०२४ या तीन वर्षी मे महिन्यात दोन्ही बाजूंची माती पैसे भरून तपासून घेतली. माती परीक्षण ही सेवा म्हणून कशी वाटली, तिच्यातून काय कळले आणि काय कळले नाही, याचा हा अनुभव आहे.

मृदा आरोग्य पत्रिकेपासून सुरुवात करणे योग्य होईल, कारण बहुतेक शेतकऱ्यांची माती परीक्षणाशी पहिली ओळख तिच्यामुळेच झाली. केंद्र सरकारची ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून सुरू झाली. पत्रिकेत १२ घटक असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. शेतकऱ्याला खर्च न येता इतकी माहिती हातात पडणे ही मोठीच गोष्ट आहे. मात्र योजनेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये बागायती भागात अडीच हेक्टरांच्या आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकटीमागे एकच नमुना घेण्याची पद्धत होती. आमच्यासारख्या कोरडवाहू गावात दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर, आणि पंचवीस एकरांत आमच्याकडे ओढ्याकाठची भारी जमीनही येते व माळावरची मुरमाड जमीनही येते. त्यामुळे माझ्या नावाच्या पत्रिकेवर आलेले आकडे माझ्या बांधाच्या आतले होते असे मी म्हणू शकत नाही. गावाच्या किंवा शिवाराच्या पातळीवर खताचे नियोजन करायला ही पत्रिका चांगली आहे, पण एखाद्याने आपल्या शेतात केलेल्या बदलाचा परिणाम तपासायचा असेल तर नमुना स्वतःच काढून देण्यावाचून पर्याय नाही.

नमुना काढणे हा या सेवेचा असा भाग आहे जो प्रयोगशाळा करत नाही, आपल्यालाच करावा लागतो, आणि माझ्या मते अहवालाची निम्मी किंमत तिथेच ठरते. पहिल्या वर्षी मी हे काम घाईने केले असते, पण कृषी सहायकाने शेजारी उभे राहून ते करवून घेतले, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. शेतात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणे निवडायची. झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याची आणि पाणी साचणारी जागा टाळायची. प्रत्येक ठिकाणी वरचा काडीकचरा हाताने बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, साधारण २० ते २२ सेंटीमीटर खोल खड्डा घ्यायचा, आणि त्याच्या एका कडेची वरपासून खालपर्यंत दोन बोटे जाडीची माती खरवडून घमेल्यात घ्यायची. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर लोखंडी खुरप्याऐवजी लाकडी काठी वापरायची, नाहीतर लोहाचा आकडा खुरप्याचा येतो. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, आणि असे करत अर्धा किलो उरेपर्यंत जायचे. ती माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची आणि आत नाव, गट क्रमांक व मागचे पीक लिहिलेली चिठ्ठी टाकायची. दोन्ही बाजूंचे नमुने मिळून माझी एक सकाळ जाते. जे लोक शेताच्या कोपऱ्यातून एक ओंजळ माती उचलून देतात आणि मग अहवालाला नावे ठेवतात, त्यांनी ही सकाळ द्यायलाच हवी.

पहिल्या अहवालाने माझा थेट फायदा केला तो जस्त आणि लोहाच्या बाबतीत. आमच्याकडे सोयाबीन वीस-पंचवीस दिवसांचे झाले की पट्ट्यापट्ट्याने पिवळे पडते, शिरा हिरव्या राहतात आणि मधले पान पिवळट पांढरे होते. आम्ही हे वर्षानुवर्षे नत्राची कमतरता समजून युरिया टाकत आलो होतो. अहवालात सामू ८.१ आला, मुक्त चुनखडीचे प्रमाण जास्त आले, लोह ३.२ पीपीएम (दहा लाख भागांत ३.२ भाग) आले, म्हणजे ४.५ या मर्यादेच्या बरेच खाली, आणि जस्त ०.४ पीपीएम, म्हणजे ०.६ च्या खाली. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि स्फुरदही कॅल्शियमशी बांधला जाऊन अडकतो. शिफारशीप्रमाणे फेरस सल्फेट आणि झिंक सल्फेट शेणखतात मुरवून दिल्यावर पुढच्या खरिपात पिवळे पट्टे निम्म्याहून कमी झाले आणि युरियाच्या दोन गोण्या वाचल्या. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा माती परीक्षणाचा खर्च वसूल झाला असे मी मानतो.

मला ज्यासाठी अहवाल हवा होता तो आकडा मात्र सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून आणि मुळांतून मातीत साठणाऱ्या कार्बनचा. अहवालाच्या या बारा ओळींपैकी आपल्या शेती करण्याच्या पद्धतीबद्दल बोलणारी ओळ प्रामुख्याने हीच आहे, कारण खत टाकून नत्र-पालाशचा आकडा एका हंगामात हलवता येतो, कर्बाचा नाही. साधारण ०.५ टक्क्यांच्या खाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्यावर जास्त, अशी वर्गवारी सर्वत्र वापरली जाते. माझ्या बाजूचा कर्ब २०१८ मध्ये ०.४२, २०२१ मध्ये ०.४९ आणि २०२४ मध्ये ०.५७ टक्के आला. दादाच्या बाजूला तो त्याच वर्षी ०.४३, ०.४१ आणि ०.४२ होता. सहा वर्षांत दीड दशांश टक्का ही वाढ ऐकायला क्षुल्लक वाटते, म्हणून तिचा हिशेब मांडतो. एका हेक्टरवरील वरच्या १५ सेंटीमीटर मातीचे वजन सुमारे २२ लाख किलो भरते. त्याचे ०.१५ टक्के म्हणजे हेक्टरी ३,३०० किलो, एकरी साधारण १,३०० किलो कर्ब, आणि सेंद्रिय पदार्थाच्या हिशेबात एकरी सव्वादोन टन. आमच्या उन्हात शेतावर पसरलेल्या काडीकचऱ्यातला बहुतेक कर्ब कुजताना हवेत परत जातो आणि थोडाच मातीत टिकतो. त्यामुळे हे सव्वादोन टन टिकवण्यासाठी त्याच्या कितीतरी पट गुळी, तुराट्यांचा भुगा, सोयाबीनची गळलेली पाने आणि जमिनीत तशीच ठेवलेली मुळे खर्ची पडली आहेत. नांगर जमिनीत घातला की आतला झाकलेला कर्ब हवेला उघडा पडतो आणि कुजण्याचा वेग वाढतो, हे दादाच्या बाजूच्या न हललेल्या आकड्यात मला दिसते, कारण शेणखत त्याने माझ्याइतकेच घातले होते.

या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा, हे तपासण्यासाठी २०२१ मध्ये मी एक गोष्ट केली जी प्रत्येकाने एकदा करावी असे मला मनापासून वाटते. एकाच घमेल्यातली, नीट मिसळलेली माती दोन पिशव्यांत भरून दोन वेगळ्या नावांनी त्याच प्रयोगशाळेत दिली. माझ्या नेहमीच्या प्रयोगशाळेने ०.४९ आणि ०.५१ असे उत्तर दिले, जे समाधानकारक आहे. त्याच मातीच्या आणखी दोन पिशव्या मी एका दुसऱ्या, खासगी प्रयोगशाळेत प्रत्येकी साडेचारशे रुपये भरून दिल्या, आणि तिथून एका पिशवीचा कर्ब ०.४६ तर दुसरीचा ०.८३ टक्के आला. पहिल्या आकड्यावर माझी जमीन कमी वर्गात पडते आणि दुसऱ्यावर जास्त वर्गात. विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले नाही, पण दोन्ही अहवालांच्या खाली एकाच कंपनीच्या दाणेदार सेंद्रिय खताची आणि जिवाणू संवर्धकाची शिफारस छापलेली होती, आणि ती उत्पादने त्याच इमारतीतल्या दुकानात मिळत होती. ज्याने औषध विकायचे त्यानेच रक्त तपासायचे, ही व्यवस्था शेतकऱ्याच्या हिताची नाही. तपासणी करणारा आणि खते-औषधे विकणारा वेगळा असावा, ही माझी या सेवेबद्दलची सर्वांत मोठी मागणी आहे.

असा फरक का पडू शकतो, हे समजून घेणे अवघड नाही. कर्ब तपासण्याची आपल्याकडची रूढ पद्धत १९३४ ची, वॉकली आणि ब्लॅक यांची आहे. चाळलेल्या एक ग्रॅमभर मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओततात, अर्धा तास थांबतात, आणि उरलेले डायक्रोमेट मोजून कर्ब किती जळला ते काढतात. एवढ्याशा मातीत मुळाचा एखादा न कुजलेला तुकडा राहिला, चाळणी नीट झाली नाही किंवा अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास झाला, तरी उत्तर बदलते. आणखी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. अनेक ठिकाणी उपलब्ध नत्र स्वतंत्रपणे मोजतच नाहीत, तो कर्बावरून गुणून काढतात, त्यामुळे कर्ब चुकला की नत्रही चुकतो आणि युरियाची शिफारसही चुकते. आपल्या अहवालातला नत्र मोजलेला आहे की काढलेला, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता या सेवेच्या खऱ्या उणिवेकडे येतो. मृदा आरोग्य असे नाव असलेल्या या पत्रिकेत मातीतल्या जिवंत गोष्टींबद्दल एकही ओळ नाही. एका ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, मुळांना जोडलेल्या बुरशीचे धागे मुळे पोहोचत नाहीत तिथून स्फुरद आणि पाणी आणतात, गांडुळे पाण्याला खाली उतरायला वाटा करून देतात, आणि हे सगळे नांगराच्या प्रत्येक फेरीत तुटते. अहवाल कोठारात धान्य किती आहे ते सांगतो, पण कोठारात काम करणारी माणसे आहेत की नाहीत ते सांगत नाही. म्हणून पत्रिकेच्या जोडीला मी फावडे वापरू लागलो, आणि माझ्या शेताबद्दल फावड्याने सांगितलेले अहवालापेक्षा जास्त आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाची चांगली उघडीप मिळाली की मी दोन्ही बाजूंना एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल मातीचा ठोकळा काढून पोत्यावर फोडतो. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात गांडुळे खोल जाऊन निजतात, म्हणून मे महिन्यात मोजून काही उपयोग नसतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये माझ्या बाजूच्या ठोकळ्यात अकरा गांडुळे निघाली आणि दादाच्या बाजूला दोन. त्याहून बोलका होता तो ठोकळ्याचा पोत. माझ्या बाजूची माती हाताने दाबली की ज्वारीच्या कण्यांसारखी सुटत होती, आणि तिच्यात मुळांच्या जुन्या वाटा बोटाने चाचपता येत होत्या. दादाच्या बाजूला सात-आठ इंचांवर एक घट्ट थर लागला, जिथे मुळे आडवी वळली होती. दोन्हीकडची सुपारीएवढी वाळलेली ढेकळे काचेच्या बरणीत पाण्यात सोडली तेव्हा दादाचे ढेकूळ दोन-तीन मिनिटांत विरघळून तळाशी गाळ झाले आणि माझे अर्ध्या तासानंतरही आपला आकार धरून होते. हे पाहून दादा बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "माझं रान मृगाच्या पहिल्या पावसात का वाहून जातं, ते आज कळलं."

सोयाबीन चाळीस-पंचेचाळीस दिवसांचे असताना रोप मुळासकट हळूच उपटून मुळांवरच्या गाठी पाहणे ही तर फुकटची तपासणी आहे. नखाने गाठ कापली आणि आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर रायझोबियम, म्हणजे हवेतला नत्र रोपाला मिळवून देणारे जिवाणू, काम करते आहे, पांढरट किंवा हिरवी निघाली तर नाही. युरिया जास्त झाला की रोप गाठी करण्याचे कष्ट घेत नाही, आणि स्फुरदयुक्त खत गरजेपेक्षा जास्त दिले की मुळांवरची बुरशीही कमी होते. माती परीक्षणाचा आणि फावड्याचा मेळ इथे बसतो, कारण अहवालाने मला खत नेमके किती कमी करता येईल ते सांगितले आणि गाठींनी ते कमी केल्याचा परिणाम दाखवला.

जमिनीच्या वर काय बदलले, हे तर कोणत्याच अहवालात येत नाही. मोकळ्या सोडलेल्या बांधावर आता टाकळा, आघाडा, दुधाणी आणि गवत माजते, आणि त्यावर ढालकिडे, कोळी व क्रायसोपाची हिरवट माशी असे किडी खाणारे मित्रकीटक दिसतात. सर्वांत जास्त आनंद मला एका अळीने दिला. पावसाळी, दमट हवेत सोयाबीनच्या पानांवर उंटअळ्या आणि तंबाखूवरची अळी मरून काठीसारख्या ताठ चिकटलेल्या आढळतात, आधी पांढऱ्या आणि मग फिकट हिरव्या भुकटीने माखलेल्या. ती मेटारायझियम रिलेयी या बुरशीची किमया असते, तिचे बीजाणू माती व काडीकचऱ्यात टिकतात, आणि उठसूट बुरशीनाशक फवारले की त्यांनाही मार बसतो. गेल्या दोन खरिपांत या बुरशीने माझी अळीनाशकाची एक फवारणी वाचवली. मेलेली अळी पानावरून न काढता तिथेच राहू द्यावी, कारण पुढच्या अळीला रोग तिच्याकडूनच लागतो.

चांगलेच तेवढे सांगितले तर हा अनुभव अपुरा राहील. पहिली दोन वर्षे तणांनी मला मेटाकुटीला आणले. हराळी आणि लव्हाळा नांगराविना काढण्यासाठी खुरपणीवर झालेला खर्च नांगरटीच्या वाचलेल्या खर्चापेक्षा जास्त होता. २०२२ च्या जुलैमध्ये लातूर, बीड आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत शंखी गोगलगायीने कोवळ्या सोयाबीनचा फडशा पाडला, तेव्हा गुळीचे आच्छादन असलेल्या माझ्या बाजूला नुकसान दादापेक्षा जास्त झाले. दिवसा लपायला ओलसर सावली हवी असते आणि ती मी स्वतःच पसरून ठेवली होती. आम्ही गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे रात्री शेतात टाकून पहाटे त्याखालच्या गोगलगायी गोळा केल्या आणि मिठाच्या पाण्यात टाकल्या, तरीही अर्धा एकर दुबार पेरावे लागले. तेव्हापासून पेरणीनंतरचे पहिले तीन आठवडे मी आच्छादन ओळीपासून दूर सरींत ओढून ठेवतो आणि पाऊस सुरू होताच बांधाकडेने गोगलगायी वेचतो. अर्धवट कुजलेले शेणखत वापरले तर मुळे खाणारी हुमणी अळीही वाढते. जमिनीतली जैवविविधता वाढते तेव्हा ती आपल्याला हवी तेवढीच वाढेल असे नसते, आणि हे आधी कुणी सांगितले असते तर मी तयारीत राहिलो असतो.

सेवा म्हणून माती परीक्षणाला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. अन्नद्रव्यांचे निदान, विशेषतः जस्त, लोह आणि सामू, यासाठी ती उत्तम आहे आणि खतावरचा फाजील खर्च थांबवण्यासाठी तिला तोड नाही. दीड गुण कापतो तो दोन कारणांसाठी: कर्बाच्या आकड्यात प्रयोगशाळांगणिक पडणारा फरक, आणि जिवंत मातीबद्दलचे तिचे मौन. ज्यांना शेतीची पद्धत बदलून परिणाम पाहायचा आहे, त्यांनी एकच प्रयोगशाळा, एकच महिना आणि एकच खोली धरून दर तीन वर्षांनी तपासणी करावी, एकदा तरी एकच माती दोन नावांनी द्यावी, आणि शेताचा एक तुकडा जुन्या पद्धतीने तसाच ठेवावा, कारण तुलनेला काही नसेल तर पावसाच्या चांगल्या वर्षाचे श्रेय आपण आपल्या पद्धतीला देऊन बसतो. रासायनिक तपासणीच्या जोडीला ढेकळाची बरणी आणि फूटभराच्या ठोकळ्यातली गांडुळांची मोजणी एवढे जरी गावच्या शेतीशाळेत शिकवले आणि पत्रिकेवर त्यासाठी दोन रिकाम्या ओळी छापल्या, तरी ही सेवा कितीतरी पटींनी उपयोगी होईल.

आमचा पुढचा नमुना २०२७ च्या मे महिन्यात जायचा आहे. या वेळी दादाने त्याच्या वाट्यातला बांधालगतचा अर्धा एकर नांगराविना ठेवला आहे, त्यामुळे पिशव्या दोन नव्हे, तीन भराव्या लागतील.